कुंडीतला गुलाब: मुळांपासून कळीपर्यंत

रोपवाटिकेतून आणलेला गुलाब पहिले पंधरा दिवस छान दिसतो. सोबत आलेल्या दोन-तीन कळ्या उमलतात, घरातले सगळे कौतुक करतात. मग खालची पानं पिवळी पडू लागतात, शेंडे काळपट होतात आणि दोन महिन्यांत कुंडीत नुसत्या काटेरी काड्या उरतात. "गुलाब फार नाजूक, आपल्या हाताला येत नाही" असं म्हणून माणूस तो नाद सोडून देतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गुलाब नाजूक अजिबात नाही. गुलाबाच्या पानांचे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. इतकी वर्षं टिकलेली वनस्पती चार दिवस पाणी कमी पडलं म्हणून मरत नाही. कुंडीतला गुलाब बहुतेक वेळा मातीच्या आत, मुळं घुसमटून मरतो. आपल्याला ते वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

शेतकरी 'वाफसा' हा शब्द वापरतात. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. माती हातात घेतली तर थंड लागते, पण बोटांना चिखल चिकटत नाही. गुलाबाच्या मुळांना सदैव वाफसा मिळाला की निम्मं काम झालं. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ऊन मोजा

रोप आणण्याआधी जागा ठरवा. गुलाबाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. नुसता उजेड पुरत नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता त्या जागी जाऊन सावली कुठे पडते ते पाहा. सूर्याचा मार्ग वर्षभर सरकत असतो, त्यामुळे आज उन्हात असलेली गॅलरी चार महिन्यांनी सावलीत जाऊ शकते. कुंडीचा हाच फायदा आहे, ती हलवता येते.

सकाळचं आणि दुपारचं यांपैकी एकच ऊन मिळत असेल तर सकाळचं निवडा. रात्रीचं दव पानांवरून लवकर सुकतं आणि काळ्या ठिपक्यांच्या रोगाला संधी कमी मिळते. कडक उन्हाळ्यात दुपारी थोडी सावली मिळाली तर फुलांचा रंग टिकतो आणि पाकळ्या करपत नाहीत. जागा तीन-चार तासच उन्हात असेल, तर तिथे गुलाबाचा हट्ट धरू नका. झाड जगेल, उंच आणि किडकिडीत होईल, पण कळ्या धरणार नाही.

रोप निवडताना खाली पाहा

बहुतेक जण फुलं पाहून रोप निवडतात. तुम्ही खोड पाहा. विकत मिळणारे बरेचसे गुलाब डोळा भरून तयार केलेले असतात. म्हणजे मुळं आणि बुंधा एका काटक, रानटी जातीचा असतो, त्याला खुंट म्हणतात. त्यावर हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते तो फांदीवरचा बारीक फुगवटा, बसवलेला असतो. जिथे जोड आहे तिथे खोडावर गाठ दिसते. ही गाठ घट्ट, कोरडी आणि भरलेली असावी. तिथे चीर किंवा काळेपणा असेल तर रोप परत ठेवा. गाठीच्या वरून निदान दोन-तीन पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या फुटलेल्या असाव्यात. फुललेल्या रोपापेक्षा नवी तांबूस फूट असलेलं रोप मी नेहमी आधी उचलते.

ही गाठ लक्षात ठेवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गाठीच्या खालून जी फूट येते ती खुंटाची, म्हणजे रानटी. ती जोमाने सरळ वर जाते, तिला बघून आपण हरखतो आणि हळूहळू ती वरच्या जातीचं सगळं अन्न खाऊन टाकते. "माझ्या लाल गुलाबाला आता बारीक पांढरी फुलं येतात" अशी तक्रार अनेकांची असते. गुलाबाने रंग बदललेला नसतो, वरची जात मरून खुंट वाढलेला असतो. सात पानांची फांदी म्हणजे रानटी, असं सांगतात, पण त्यावर विसंबू नका. काही चांगल्या जातींच्या पानालाही सात पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, असतात. फांदी नेमकी कुठून निघाली हे माती जरा बाजूला करून पाहा. गाठीखालची असेल तर ती कात्रीने न कापता खाली ओढून मुळापासून उपटा. नुसती कापली तर तिथूनच चार नव्या येतात.

प्रकारांबद्दल थोडक्यात. लांब दांड्यावर एकच मोठं फूल हवं असेल तर हायब्रिड टी. १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा या वर्गातला पहिला गुलाब मानतात. घोसाने आणि सतत फुलं हवी असतील तर फ्लोरिबंडा, आणि नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण तो चुका जास्त सहन करतो. जागा कमी असेल तर मिनिएचर. भिंतीवर किंवा कमानीवर चढवायचा असेल तर वेली गुलाब, पण त्याला मोठी कुंडी किंवा जमीनच हवी.

एक सावधगिरी. निळ्या, इंद्रधनुषी गुलाबाच्या 'बिया' विकायला असतात, त्या घेऊ नका. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे द्रव्य नैसर्गिकरीत्या तयारच होत नाही. जनुकीय बदल करून २००९ मध्ये जपानमध्ये जो 'निळा' गुलाब विक्रीला आला, तोही प्रत्यक्षात जांभळट आहे. शिवाय बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघत नाही, म्हणून तर डोळा भरण्याची एवढी खटपट करतात.

कुंडी आणि माती

फ्लोरिबंडा किंवा हायब्रिड टीसाठी १२ ते १४ इंच तोंडाची आणि तेवढीच खोल कुंडी घ्या. मिनिएचरला ८ ते १० इंच पुरते. लहान रोप एकदम अवाढव्य कुंडीत लावू नका. मुळं पोहोचलेली नसतात तिथली माती आठवडाभर ओलीच राहते, आंबते, आणि वाफसा जातो. मातीची कुंडी बाजूने श्वास घेते, तिच्यात चूक खपते. प्लास्टिकची हलकी आणि स्वस्त, पण पाणी निम्म्या वेळा द्यावं लागतं. काळी प्लास्टिकची कुंडी कडक उन्हात तापते आणि कडेची मुळं भाजतात, म्हणून तिला बाहेरून दुसऱ्या कुंडीचा आडोसा द्या.

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे यांचा थर द्यावा असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मीही वर्षानुवर्षं देत होते. हा थर निचरा वाढवत नाही, उलट कमी करतो. बारीक माती पूर्ण चिंब होईपर्यंत पाणी तिच्यातून खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये उतरत नाही. त्यामुळे पाणथळ पट्टा कुंडीच्या तळाऐवजी खड्यांच्या थराच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ तयार होतो. तळाच्या भोकांवर एकेक खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी कुंडी तळापासून मातीनेच भरा.

माझं मिश्रण असं असतं: चार भाग बागेची पोयट्याची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाडी वाळू किंवा परलाईट. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ बोनमील. माती काळी, चिकट असेल तर ती दोन भागांवर आणा आणि वाळू वाढवा. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा, कारण त्यात क्षार असतात. शेणखत कुजलेलं आहे की नाही हे वासावरून कळतं. पावसाळी मातीचा वास आला तर ठीक, शेणाचा किंवा अमोनियाचा आला तर आणखी महिना-दोन महिने ठेवा. ताजं शेण मुळं जाळतं.

मिश्रण जमलं का ते तपासायचं असेल तर ओलसर करून मूठभर दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. फुटत नसेल तर वाळू घाला. गोळाच होत नसेल तर खत वाढवा.

गुलाबाला मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास आवडतो, म्हणजे किंचित आम्लधर्मी. मोजायचं साधन नसेल तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुना जास्त आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कुंडीसाठी ती माती कमी आणि कंपोस्ट जास्त वापरा.

लावणी

रोप घरी आणल्या आणल्या लावू नका. तीन-चार दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. मग संध्याकाळी लावा.

पिशवी कापून काढा, ओढून नाही. आतला गोळा भुसभुशीत असेल तर तसाच ठेवा. पण काही रोपांची मुळं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात, आणि तो गोळा कुंडीत तसाच गेला की रोपाचं दुर्दैव सुरू होतं. बाहेरची माती भुसभुशीत, आतला गोळा विटेसारखा. पाणी बाजूने वाहून जातं आणि मुळं गोळ्याबाहेर येतच नाहीत. असा गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवा. बाहेरची चिकणमाती हळूहळू आपोआप सुटते, बोटांनी थोडी मदत करा. गाभ्यातली माती राहू द्या, सगळी धुऊन मुळं उघडी पाडू नका. थंड हवामानात मातीशिवाय नुसत्या मुळांची रोपंही मिळतात. ती लावण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी लागतात.

कुंडीत मध्यभागी रोप धरा, जोडाची गाठ मातीच्या वर दोन इंच राहील असं पाहा आणि चारही बाजूंनी माती भरा. हाताने हलकं दाबा, पायाने किंवा खुरप्याच्या दांड्याने ठोकू नका. वरची दीड इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे मात्र उलट करतात. गाठ मातीखाली दोन इंच पुरतात, म्हणजे वरच्या फांद्या थंडीने मेल्या तरी जोड वाचतो.

आता जे सांगते ते जिवावर येतं, पण करा. रोपावरच्या सगळ्या कळ्या आणि फुलं कापून टाका. हललेल्या मुळांना पाणी ओढणं जड जात असतं आणि फूल हे झाडाचं सर्वांत खर्चिक काम आहे. भरपूर पाणी घालून आठवडाभर सावलीत ठेवा, मग दोन तास, चार तास असं करत उन्हात न्या. पहिले सहा आठवडे कुठलंही खत नको.

पाणी

माझं पहिलं रोप मी पाणी घालून मारलं. कुंडीखाली ताटली होती, ती कायम भरलेली असायची. दुपारी पानं माना टाकत, म्हणून मी आणखी पाणी घालत असे. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीतली प्रत्येक पोकळी पाण्याने भरली की मूळ अक्षरशः गुदमरतं, आणि मग बुरशी आत शिरते.

म्हणून पान कोमेजलेलं दिसलं की आधी बोट मातीत घाला, दोन पेरं खोल. कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं तर तहान हे कारण नाही. दुपारच्या उन्हात माना टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरत असेल तर तेही ठीक आहे. संध्याकाळीही माती ओली आणि पानं मलूल असतील, तर कुंडी आडवी करून भोकं बुजली आहेत का ते पाहा आणि माती सुकेपर्यंत सावलीत ठेवा.

पाणी द्याल तेव्हा तळाच्या भोकातून वाहेपर्यंत द्या, आणि मग वरचा इंचभर थर सुकेपर्यंत देऊ नका. रोज पेलाभर शिंपडल्याने मुळं वरच्या थरातच राहतात आणि क्षार साचतात. 'दिवसाआड' किंवा 'रोज' असा नियम मी सांगणार नाही. उन्हाळ्यात गच्चीवर दिवसातून दोनदा लागू शकतं, पावसाळी हवेत आठवडाभर लागत नाही. बोट हेच मोजमाप. वेळ सकाळची ठेवा आणि झारीचं तोंड मातीकडे असू द्या, पानांकडे नको. मातीवर सुक्या पानांचं किंवा नारळाच्या काथ्याचं इंचभर आच्छादन घाला, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका. ताटली वापरत असाल तर अर्ध्या तासाने रिकामी करा.

खत

गुलाब खादाड आहे, पण भुकेपेक्षा जास्त वाढलं तर बिघडतो. नवी फूट चालू असताना महिन्यातून एकदा, वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करून, दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळा. कळ्या धरताना पोटॅशची गरज वाढते. तयार मिश्रखत देत असाल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं प्रमाण, पण दुप्पट वेळा द्या. खत कधीही कोरड्या मातीत घालू नका. आधी पाणी, मग खत, मग पुन्हा थोडं पाणी.

नत्र जास्त झालं की पानं मोठी, गडद, लुसलुशीत होतात, फुलं कमी येतात आणि मावा धावत येतो. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला तर क्षार साचले आहेत. एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढा.

पानं काय सांगतात ते वाचायला शिका. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. हाच प्रकार सर्वांत नव्या पानांवर असेल तर लोह मिळत नाही, आणि त्याचं मूळ बहुधा मातीतल्या चुन्यात किंवा सततच्या ओलीत असतं. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते फक्त दुसऱ्या लक्षणावर उपयोगी आहे. सगळ्यांवर उपाय म्हणून ते घालत राहण्यात अर्थ नाही. केळीची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं थेट कुंडीत पुरू नका. कंपोस्टमध्ये कुजू द्या, मग त्यांचा उपयोग होतो.

छाटणी

कात्री हातात घ्यायची भीती वाटते, हे मी समजू शकते. पण छाटणी न केलेला गुलाब दोन वर्षांत लाकूड होतो. फांदीच्या शेंड्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा कापला की तो दाब जातो, खालचे दोन-तीन डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या तीन होतात. गुलाबाच्या सध्याच्या बहुतेक जातींना फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे फूट जितकी तितकी फुलं.

मोठी छाटणी वर्षातून एकदा. कडाक्याची थंडी असते तिथे हिवाळा सरताना डोळे फुगू लागले की. जिथे थंडी सौम्य आणि पाऊस ठरावीक ऋतूत पडतो, तिथे पाऊस संपून हवा कोरडी होऊ लागली की. भर उन्हाळ्यात आणि भर पावसात नको.

हत्यार म्हणजे दोन्ही पाती एकमेकांजवळून सरकणारा धारदार सिकेटर. घरातली कागदाची कात्री फांदी चिरडते आणि त्या जखमेतून रोग शिरतो. प्रत्येक झाडानंतर पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

आधी मेलेल्या, काळ्या पडलेल्या फांद्या काढा. कापल्यावर आतला गाभा पाहा. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली जा. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या मध्यात शिरणाऱ्या फांद्या, मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. आता तीन ते पाच दणकट फांद्या उरल्या पाहिजेत, पेल्यासारख्या बाहेर उघडणाऱ्या. शेवटी उंची. हायब्रिड टी निम्म्यापर्यंत छाटा, फ्लोरिबंडाची उंची एक तृतीयांशाने कमी करा, मिनिएचरला वरवर आकार द्या. नव्याने लावलेल्या रोपाला पहिल्या वर्षी हे काही करू नका, फक्त मेलेलं काढा.

प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्यापासून उलट दिशेला उतरता. डोळा बाहेर बघत असेल तर नवी फांदीही बाहेर जाते, झाडाच्या पोटात हवा खेळते. डोळ्याच्या फार वर कापलं तर उरलेला खुंटारा सुकत खाली येतो, फार जवळ कापलं तर डोळाच मरतो. छाटणीपासून फुलांपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात. एखाद्या खास दिवशी फुलं हवी असतील तर उलटं मोजून छाटणी करा.

वर्षभर चालणारं काम म्हणजे सुकलेली फुलं काढणं. फूल झाडावर राहिलं की बी धरतं आणि झाडाचं लक्ष तिकडे जातं. नुसती पाकळ्यांची मुंडी न तोडता, खाली येत पाच पर्णिकांच्या पहिल्या भरदार पानाच्या वर कापा. लहान, अशक्त झाडाचं मात्र फक्त फूल खुडा, त्याला प्रत्येक पान हवं असतं. काही फुटींच्या टोकाला कळीच येत नाही. हे बहुधा कमी उन्हाने किंवा थंडीने होतं. तीही निम्म्यावर कापली की पुन्हा फुटते.

वेली गुलाब याला अपवाद. त्याच्या लांब फांद्या कापू नका, आडव्या वाकवून बांधा. आडव्या फांदीत शेंड्याचा दाब कमी होतो आणि तिच्या पूर्ण लांबीवर कळ्या येतात. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातींची छाटणी फुलं संपल्यावरच, कारण त्यांना गेल्या वर्षीच्या फांदीवर बहर येतो.

रोग आणि कीड

काळे ठिपके: पानावर झालरदार कडेचे डाग, भोवती पिवळेपणा, मग पानगळ. ही बुरशी पान सुमारे सात तास सलग ओलं राहिलं तरच आत शिरते. म्हणून सकाळचं ऊन, मातीवरच पाणी आणि दोन कुंड्यांत अंतर, हाच खरा उपाय. पडलेली पानं उचलून टाका, कंपोस्टमध्येही नको. भुरी वेगळी आहे. कोवळ्या पानांवर पिठासारखा थर येतो, तिला ओलं पान लागत नाही, दिवसा कोरडं आणि रात्री दमट असलं की पुरतं. दोन्हींवर गंधकाची फवारणी चालते, पण तापमान ३० अंशांच्या वर असताना नको, पानं करपतात.

फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत असेल तर तिला थांबू देऊ नका. काळ्या भागाच्या दोन इंच खाली, हिरव्यात, त्याच दिवशी कापा.

मावा कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करतो. नराशिवायच मादी पिल्लं देते, म्हणून चार दिवसांत शेंडा भरतो. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या तर काहीच फवारू नका, त्या मावा फस्त करतात. लाल कोळी उष्ण, कोरड्या हवेत येतो. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालू लागले तर कोळी आहे. त्याला पाणी आवडत नाही, पानांच्या खालच्या बाजूला सकाळी फवारा द्या. कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन त्या वेड्यावाकड्या उमलत असतील तर आत फुलकिडे आहेत. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका.

कडुनिंबाचं तेल: ५ मिली तेलात आधी १-२ मिली पातळ साबण घोळवा, मग एक लिटर कोमट पाणी हळूहळू ओता. आधी दोन पानांवर करून पाहा. संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. तहानलेल्या झाडावर नको, आणि गंधक व तेल यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर हवं.

पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखा नीटस अर्धगोल दिसला तर घाबरू नका. पानकाप्या मधमाशीने तो तुकडा घरट्याच्या अस्तरासाठी नेलेला असतो. ती परागीभवन करते. तिला नेऊ द्या.

काडीपासून नवं रोप

नुकतंच फूल गळलेली, पेन्सिलीएवढी फांदी घ्या, सहा ते आठ इंचांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा डोळ्याच्या वर सरळ. वरची दोन पानं ठेवून बाकी काढा. खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवून, धुतलेलं कोकोपीट आणि वाळू यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात अर्धी काडी खोचा. वरून पारदर्शक बाटली कापून झाका आणि उजेडाच्या सावलीत ठेवा. एक ते दोन महिन्यांत मुळं धरतात. वरची कोवळी फूट म्हणजे मुळं आली असं नाही, काडीतल्या साठ्यावरही पानं फुटतात. म्हणून उपटून पाहू नका, तळाच्या भोकातून पांढरी मुळं दिसेपर्यंत थांबा. बटाट्यात काडी खोचायची युक्ती सगळीकडे फिरते. बटाटा कुजतो आणि काडीही कुजवतो. दहा काड्यांतल्या तीन-चार जगल्या तरी समाधान माना. गावठी सुगंधी गुलाब आणि मिनिएचर काडीवर सहज येतात, हायब्रिड टी जरा अडून बसतो.

गुलाबाचे शेजारी

गुलाबाच्याच कुंडीत दुसरं झाड लावू नका, मुळांची भांडणं होतात. शेजारच्या कुंडीत मात्र बरंच काही चालतं, आणि वर सांगितलेली माती थोड्या फरकाने बहुतेकांना मानवते.

मोगऱ्याला पानं भरपूर आणि कळी नाही, तर ऊन कमी आहे किंवा नत्र जास्त आहे. बहर ओसरला की एक तृतीयांश छाटा. जास्वंदीचं फूल बहुतेक जातींत एका दिवसाचंच असतं. ते गळलं तर चिंता नको, पण कळ्या न उमलता गळत असतील तर पाण्यात अनियमितपणा आहे किंवा आत कीड आहे. तिच्यावर पिठ्या ढेकूण हमखास येतो. कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन एकेक पुसा आणि मुंग्यांचा रस्ता बंद करा, कारण त्याच त्याची राखण करतात.

शेवंतीचं गणित मला सर्वांत आवडतं. रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. झाडं दिवस-रात्रीची लांबी मोजतात हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. रात्री दिव्याखाली ठेवलेली शेवंती नुसती पानं वाढवत राहते. ती हलवा आणि अंधार द्या, बाकी ती स्वतः करते.

झेंडू आठवड्याभरात उगवतो. पाच-सहा पानांवर शेंडा खुडला तर झुडूप होतं. त्याची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना मारक द्रव्य सोडतात, पण त्याचा उपयोग दाट लावलेल्या वाफ्याला होतो, एका रोपाने काही साधत नाही. बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नसून पानं आहेत, खरं फूल मधली बारीक पांढरी नळी. तिला फुलवायचं तर पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखा. वाफशाचा माझा सगळा आग्रह इथे मात्र सोडायचा.

दोन वर्षांनी

कुंडीतली माती दोन वर्षांत बसते, खत संपतं, मुळं कडेने गोल फिरू लागतात. मोठ्या छाटणीच्या दिवसांतच रोप बाहेर काढा. कडेची आणि तळाची चौथा भाग मुळं धारदार सुरीने कापा, काळी आणि मऊ पडलेली सगळी काढा. पांढरी किंवा बदामी, ताठ मुळं निरोगी. कुंडी घासून धुवा, नवं मिश्रण भरा, गाठ पुन्हा मातीच्या वर ठेवा. कुंडी आठवडाभर सावलीत राहू द्या. डोळ्यांतून तांबूस टोकं डोकावली की तिला तिच्या जुन्या उन्हात परत नेऊन ठेवा.